हिंगमळ्याचे छप्पन

अंगणवाड्यांना गुण देणं हे माझं काम आहे, आणि या कामाने माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला तेवढा माझ्या सासूनेही कधी दिला नाही. सरकारने मूल्यांकन आमच्या एजन्सीकडे सोपवलंय, एजन्सीने मला एक टॅब सोपवलाय आणि त्या टॅबच्या पोटात बहात्तर प्रश्न आहेत. भिंतीला रंग आहे का, नळाला पाणी येतं का, वजनकाटा चालतो का, संडासाच्या दाराला आतून कडी आहे का. अशा प्रश्नांचे सत्तर गुण. उरलेले तीस निरीक्षणाचे. त्यासाठी चाळीस मिनिटं बसायचं. दर चार मिनिटांनी टॅब टुंग करतो. त्या क्षणी मुलं काय करतायत ते टिचकी मारून सांगायचं आणि लगेच फोटो काढायचा. खेळ, गाणं, गोष्ट, चित्रं, यातलं काही चालू असेल तर तीन गुण. शेवटचा पर्याय 'निष्क्रिय बसलेली', त्याला शून्य.

फोटो पुण्यात कुणीतरी तपासतं, त्यामुळे थापा मारायची सोय नाही. मला ती कधी लागलीही नाही. तीन वर्षांत दोनशे बारा अंगणवाड्या केल्या, एकही खोटी टिचकी मारली नाही. घरी, माहेरी, एजन्सीत, जो ऐकेल त्याला मी हे ऐकवते.

हिंगमळा माझी दोनशे तेरावी. ओझरच्या पुढे महामार्ग सोडून डावीकडे वळलं की झेंडूचे आणि गुलाबाचे मळे लागतात, त्यात साठ-सत्तर घरांची ही वस्ती. यंदा नवा नियम आलाय. साठच्या खाली गुण पडले की अंगणवाडी बंद आणि मुलं जवळच्या केंद्रात. कागदावर याला 'समायोजन' असं गोंडस नाव आहे. हिंगमळ्याचं जवळचं केंद्र टॅबच्या हिशेबाने साडेसातशे मीटरवर होतं. टॅबने अंतर सरळ रेषेत मोजलं होतं. त्या सरळ रेषेत मुंबई-आग्रा महामार्ग येतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी दहाला मी पोचले. फाटकात पाऊल टाकलं की निरीक्षणाचं बटण दाबायचं, असा नियम. एकदा दाबलं की ते थांबत नाही. मी दाबलं, मान वर केली आणि समोर बघते तर मांडव.

साधासुधा नाही. खुर्च्या, सतरंज्या, लाउडस्पीकर आणि झेंडूच्या माळांनी मढवलेला एक फलक. 'मा. सुवर्णाताई यांचे हिंगमळा नगरीत सहर्ष स्वागत.' खाली माझा फोटो. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतलेला, गॉगल लावलेला, शेजारचा नवरा अर्धा कापलेला. मी काही म्हणायच्या आत दोन बायकांनी मला हळदीकुंकू लावलं आणि धरून मधल्या खुर्चीत बसवलं.

माइकवर पुंजाआबा होते. हिंगमळ्याचे माजी उपसरपंच, कडक इस्त्रीची टोपी, वय सत्तरच्या घरात. "आपल्या वस्तीच्या इतिहासात आज पहिल्यांदा," ते म्हणाले, "सरकारनं पोरांची इचारपूस करायला माणूस धाडलंय." टाळ्या. माझ्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला. टॅब नारळाखाली गेला आणि तिथून त्याने टुंग केलं.

मुलं पुढच्या सतरंजीवर होती. अठरा जणं. तेल चोपडलेली, काजळ घातलेली, लग्नाला निघाल्यासारखी नटवलेली. सगळ्यांच्या हाताची घडी आणि तोंडावर बोट. सेविका नवसाबाई कुठे होत्या? पन्नास माणसांचा चहा टाकायला चुलीपाशी. मी फोटो काढला आणि खरं ते नोंदवलं. निष्क्रिय बसलेली.

"आबा, मुलांना जरा खेळू द्या ना," मी म्हणाले.

आबांनी माइक तोंडाशी घेतला. "बघा, मॅडमचं मन किती मोठं हाय. आल्या आल्या पोरांची काळजी! पण मॅडम, खेळायचं काय, पोरं रोजच खेळतेत. आज पाव्हणं आलंय." पुन्हा टाळ्या.

आता खरं सांगते, कारण इथे लपवून काही उपयोग नाही. मी त्या वेळी उठायला हवं होतं. उठले नाही. अकरा वर्षं नोकऱ्या करतेय, पण माझ्या अंगावर कुणी शाल घातली नव्हती. जिथे जाईन तिथे लोक मला बघून डबे झाकतात, फायली लपवतात. इथे एक म्हातारा माणूस माझं नाव आदराने घेत होता. मी पदर सारखा केला आणि ताठ बसले. दुसरं भाषण झालं, तिसरं झालं, दूध डेअरीच्या अध्यक्षांचं झालं. भानावर आले तेव्हा सहा टुंग होऊन गेले होते.

मी ताडकन उठले. लोकांना वाटलं सत्काराला उत्तर देणार. कुणीतरी माइक हातात दिला. "हा कार्यक्रम ताबडतोब थांबवा आणि मुलांना आत जाऊ द्या," मी म्हणाले. कडकडून टाळ्या झाल्या आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. पहिल्या ओळीतल्या एका पोराने, रुद्र त्याचं नाव, तोंडावरचं बोट काढून विचारलं, "बाई, गोष्ट कवा?" मागून त्याच्या आजीचा हात आला आणि बोट परत जागेवर बसवून गेला.

दहा टुंग, दहा शून्य. मग मी आत जाऊन भिंती, नळ, कडी, काटा बघितला. सरकारी खेळण्यांची पेटी कपाटात सीलबंद होती. मोडतोड झाली तर सेविकेने भरून द्यायची, म्हणून ती कधी उघडलीच नव्हती. खेळणी धडधाकट, पाच पैकी पाच. दाराजवळच्या कोपऱ्यात चुरगळलेला झेंडू पडला होता, पाकळ्यांचा सडा, एक मोडकी पाटी फुलांनी भरलेली. "हा कचरा तेवढा काढा," मी नवसाबाईंना म्हणाले, "नाहीतर स्वच्छतेचे चार गुण जातील." त्यांनी लगबगीने झाडलं, मी स्वच्छ फरशीचा फोटो काढला आणि चार गुण दिले. आपण किती समजूतदार, असंही मला तेव्हा वाटलं.

बेरीज छप्पन.

नवसाबाई पदराला हात पुसत जवळ आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या. "मॅडम, समदं नीट झालं ना? पोरं बघितली? एकानं हूं का चूं केलं नाय." किती अभिमानाने म्हणाल्या! मी गाडीला किक मारली आणि निकाल नंतर कळेल म्हणून निघाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

महामार्गाला लागायच्या आधी गाडी बाजूला घेऊन एजन्सीच्या ललित सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "नमुना नऊ भरा. निरीक्षणात अडथळा. फेरनिरीक्षण मिळतं. भिंती-नळाचे गुण जुनेच राहतात, फक्त चाळीस मिनिटं आणि फरशीचा फोटो नव्याने."

"मग पाठवा की."

"त्यावर अडथळा आणणाऱ्याचं नाव लागतं. आणि त्याची सही."

"सर, ज्याने अडथळा आणला तोच सही कशी देईल?"

"तो नियम आहे, मॅडम. सही शुक्रवारपर्यंत. नंतर निकाल लॉक." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी शाल डिकीत कोंबली आणि आबांना, ललित सरांना, टॅबला आणि स्वतःला, या क्रमाने मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पुंजाआबा भेटतात कुठे, तर पहाटे मळ्यात. नंतर फुलं घेऊन ते नाशिकच्या बाजारात जातात. म्हणून गुरुवारी साडेपाचला घर सोडलं. थंडीने बोटं आखडली होती. वस्तीत शिरले तेव्हा सव्वासहा झाले होते, आणि अंगणवाडीचं दार सताड उघडं, आत दिवा.

मी गाडी बंद करून चौकटीशी उभी राहिले. फुलं तोडायला निघालेल्या बायका पोरांना सोडून जात होत्या, आणि त्यातल्या एकीने जाताना एक पाटी आत ठेवली. मुक्या कळ्या, देठ तुटलेली, किडकी, बाजारात न जाणारी फुलं. नवसाबाईंनी ती फरशीच्या मधोमध पालथी केली आणि खोलीत एकच गलका उठला. पिवळी इकडे, केशरी तिकडे. एक, दोन, तीन, चुकलं, परत मोज. आबांची नात आरोही दोन फुलांचं लग्न लावत होती आणि तिसऱ्या फुलाला जेवायला बसवत नव्हती, कारण ते रुसलं होतं. रुद्र व्यापारी झाला होता. "चला ताजा माल, ताजा माल! ओ पाव्हणं, शिळ्याला नका लावू हात!" नवसाबाई मधे बसून एका फुलाची गोष्ट सांगत होत्या, आणि मुलं ती मधेच तोडून आपलीच पुढे नेत होती.

हाताला सवय असते. मी टॅब काढला. त्यावर आलं, 'केंद्राची वेळ सुरू झालेली नाही.' माझं लक्ष पाटीकडे गेलं. मोडकी, कोपऱ्यातली, तीच. जिला मी कचरा म्हणाले होते ती. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

नवसाबाईंनी मला बघितलं आणि दचकून उठल्या. "मॅडम, दहाच्या आत झाडून घेते. एक पाकळी दिसायची नाय."

"असू द्या हो. तुम्ही रोज सहाला उघडता?"

"मग काय करू? बाया सहाला तोडाय जातेत. पोरं काय बांधावर टाकायची? साप-किरडू हाय, हिर हाय. पल्याडचं केंद्र दहाला उघडतं." पल्याडचं म्हणजे महामार्गापलीकडचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आमचं बंद नाय ना व्हणार?"

मी "बघते" म्हणाले. सरकारी कामात 'बघते' म्हणजे काय ते त्यांनाही माहीत होतं.

आबा बांधावर बसून फुलं क्रेटमध्ये भरत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले. "म्हंजे माझ्या भाषणानं गेले मार्क?"

"भाषणाने, शालीने, आभाराने. सगळ्यानेच. आणि मी मुकाट बसले त्याने."

त्यांनी क्रेट बाजूला सारला. "आमच्या दारातनं पाव्हणं नारळ न घेता गेलं, असं झालं नाय कधी. मला वाटलं, पोरांसाठी आलीय तर जरा ज्यादाच करावं." मी नमुना नऊ पुढे केला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला. "अडथळा आणणाऱ्याचं नाव." मग माझ्याकडे बघितलं. "जन्मात कुणाला आडवा गेलो नाय, मॅडम. आन् आता सही करून सांगायचं, नातीच्या शाळेला आडवा गेलो?"

"आबा, दुसरा रस्ता नाही."

त्यांनी झेंडूने पिवळी झालेली बोटं धोतराला पुसली आणि शाळकरी अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. पुंजा सहादू वाघ. कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "शाल तेवढी परत देऊ नका."

फेरनिरीक्षण सोमवारी लागलं. या वेळी वस्ती ओस पडल्यासारखी होती. मांडव नाही, माणूस नाही. वळणावर आबा एकटे उभे, एका मोटरसायकलवाल्याला हॉर्न वाजवला म्हणून झापत होते. मला बघताच त्यांनी तोंड फिरवलं आणि पाठ करून उभे राहिले. नमस्कारसुद्धा केला नाही. पाठीमागे धरलेल्या दोन्ही हातांत मात्र नारळ होता. मला हसू आलं. वाटलं, आज जमतंय.

बटण दाबलं, आत गेले. मुलं दंगा करत होती. सगळ्यांत आधी रुद्रने मला बघितलं. माझ्या हातातला टॅब बघितला. मुकाट जाऊन बसला, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. त्याचं बघून आरोही बसली. मग बाकीचे. अर्ध्या मिनिटात अठरा मुलांच्या तीन सरळ ओळी झाल्या, कुणी न सांगता.

टुंग.

"खेळा रे," नवसाबाई म्हणाल्या. कुणी हललं नाही. त्यांनी गाणं म्हटलं, टाळ्या वाजवल्या, स्वतः गोल फिरून नाचल्या. मुलं बोटाआडून बघत होती. टुंग. घाबऱ्याघुबऱ्या होऊन त्यांनी कपाट उघडलं, सरकारी पेटीचं सील दाताने तोडलं आणि ठोकळे, रिंगा, बाहुल्या पुढे ओतल्या. ज्या पेटीला हात लावला की ओरडा बसतो ती आज उघडली, म्हणजे काहीतरी भयंकर असणार, असं समजून पोरं आणखी ताठ झाली. टुंग. रुद्रने बोटाआडून समजुतीच्या सुरात सांगितलं, "बाई, भाषण झालं की मंग खेळायचं."

फरशी लख्ख होती. फुलांची पाटी दाराबाहेर ठेवलेली दिसली. मी मानेने नवसाबाईंना पाटीकडे खूण केली. त्यांनी जीभ चावली, धावत गेल्या आणि पाटी उचलून पाण्याच्या टाकीमागे लपवून आल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या नियमपुस्तिकेचा पहिला नियम ठळक अक्षरांत आहे. मूल्यांकनकर्त्याने कोणत्याही प्रकारे हस्तक्षेप करू नये. नव्या मुलींना हा नियम मी शिकवते. शिकवताना माझा आवाज चढतो, असं त्या म्हणतात.

सातवा टुंग झाला. सातही शून्य. नवसाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून रडत होत्या. मी मनातल्या मनात बेरीज केली. छप्पन हातात होते. आता फरशीवर फुलं ओतली तर स्वच्छतेचे चार जाणार, राहतात बावन्न. उरलेले तीन टुंग जमले तर नऊ. एकसष्ट. एक जरी चुकला तरी अठ्ठावन्न, आणि मुलं महामार्गावर. आणि काहीच केलं नाही तर मी नियमाने वागलेली, स्वच्छ, आणि हिंगमळ्याचे छप्पन.

मी उठले. टाकीमागे गेले, पाटी आणली आणि फरशीच्या मधोमध पालथी केली. मग चपला काढून मांडी घालून बसले आणि एक फूल उचलून रुद्रपुढे धरलं. "काय हो व्यापारी, हा माल ताजा आहे का?"

रुद्रने नवसाबाईंकडे बघितलं. मग फुलाकडे. त्याच्यातल्या व्यापाऱ्याला ते बघवेना. बोट तोंडावरून निघालं. "हा शिळा हाय," तो तुच्छतेने म्हणाला. "तुम्हाला कळत नाय. ह्यो घ्या." मागून आरोही ओरडली की ते फूल नवरदेव आहे, ते विकायचं नाही. त्यावर भांडण लागलं. भांडणात चौघं पडली, मग सगळीच.

टुंग. टुंग. मी फोटो काढत होते. दहाव्या टुंगला कुणीतरी मूठभर पाकळ्या माझ्या डोक्यावर टाकल्या. त्या फोटोत एका कोपऱ्यात पिवळं काहीतरी आलंय, पण मुलं स्पष्ट दिसतायत. खेळ. तीन गुण.

शेवटी फरशीचा फोटो काढला. प्रश्न होता, केंद्रात कचरा आढळला का? मी 'होय' म्हटलं. चार पैकी शून्य. एकसष्ट.

नवसाबाई हातात झाडू घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले. "मॅडम, आता झाडू का?"

"नको," मी म्हणाले. "राहू द्या."

पाठवण्याआधी टॅब एक शेवटची चौकट दाखवतो. तिच्यावर टिचकी मारल्याशिवाय काहीच पुढे जात नाही. 'निरीक्षणादरम्यान मी कोणत्याही प्रकारे हस्तक्षेप केलेला नाही.' दोनशे बारा वेळा मी ती न वाचता मारली होती. या वेळी वाचली. दोनदा वाचली. माझ्या मांडीवर आरोही रुसलेलं फूल आणून ठेवत होती, कारण ते आता माझ्याकडे राहणार होतं.

मी टिचकी मारली. टॅबने माझे आभार मानले. मग मी चपला घातल्या, बाहेर वळणापर्यंत चालत गेले आणि पाठमोऱ्या आबांच्या हातातून नारळ काढून घेतला.